फरीद बेलकाहिया: तांबटाचा पत्रा चित्राच्या जागी टांगणारा मोरोक्कोचा कलाकार

तांब्याचा पत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हंडा, घागर, बंब, वजूसाठी ठेवलेला लोटा, दावतीच्या वेळी कल्हई करून घेतलेली मोठी देग. भिंतीवर टांगायचं चित्र काही येत नाही. मोरोक्कोतले कलाकार फरीद बेलकाहिया यांनी 1960च्या दशकात नेमकं हेच केलं. कॅनव्हास आणि तैलरंग बाजूला ठेवले, तांब्याचा पत्रा घेतला, तो ठोकला, वाकवला, चुरगळला आणि लाकडी फळीवर बसवून चित्राच्या जागी भिंतीवर लावला. साधारण दहा वर्षं त्यांनी हे काम केलं. आज उत्तर आफ्रिकेतल्या आधुनिक कलेची गोष्ट त्यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही.

हे नुसतं 'काहीतरी वेगळं करून बघू' या हौसेतून झालेलं नव्हतं. त्यामागे एक जुना सल होता. हातोडी चालवणारा तो कारागीर आणि ब्रश चालवणारा तो कलाकार, असा भेद कुणी ठरवला? मोरोक्कोत त्याचं उत्तर सरळ होतं. फ्रेंचांनी.

मराकेश, पॅरिस, प्राग

बेलकाहिया यांचा जन्म 1934 साली मराकेशमध्ये झाला. तेव्हा देश फ्रान्सच्या 'संरक्षणाखाली' होता. 1912 ते 1956 अशी 44 वर्षं ही व्यवस्था चालली. नावाला सुलतान गादीवर होता, कारभार मात्र फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हातात. (उत्तरेच्या पट्ट्यात स्पेनचा अंमल होता, पण ती वेगळी गोष्ट.)

1955 मध्ये तरुण फरीद पॅरिसच्या कलाशाळेत दाखल झाले आणि तिथे चार वर्षं शिकले. वर्षभरात मायदेश स्वतंत्र झाला, शेजारच्या अल्जीरियात मात्र स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. मग 1959 ते 1962 ते प्रागला होते. तिथे त्यांनी नाटकाच्या नेपथ्याचं शिक्षण घेतलं. त्या वर्षांतली त्यांची चित्रं गडद, अस्वस्थ आणि उघडपणे राजकीय आहेत. अल्जीरियातल्या छळाचा विषय त्यात येतो, क्युबाही येतो. 1961 सालचं त्यांचं 'क्युबा सी' हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ही चित्रं मोरोक्कन माणसाने काढली होती, पण त्यांची भाषा युरोपचीच होती. हे बेलकाहिया यांना स्वतःलाही कळत होतं.

शाळेची चावी 28व्या वर्षी

1962 मध्ये ते परतले आणि कॅसाब्लांकाच्या कलाशाळेचे संचालक झाले. वय अवघं 28 च्या आसपास. शाळा फ्रेंच अंमलात निघालेली होती आणि अभ्यासक्रमही तोच होता. प्लास्टरचे ग्रीक-रोमन पुतळे समोर ठेवायचे आणि त्यांची हुबेहूब रेखाटनं करायची. शाळेच्या बाहेर, चार पावलांवर, गालिचे विणणारे, चांदीचे दागिने घडवणारे, चिनी मातीच्या फरशा कापणारे बसलेले. त्यांचा शाळेशी काडीचा संबंध नाही.

मुंबईकरांना हे चित्र अनोळखी वाटू नये. 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही 'ललितकला' आणि 'कारागिरी' यांचा हिशेब इंग्रजांनी असाच वेगवेगळा मांडला होता.

मोरोक्कोत फ्रेंचांनी याही पुढचं पाऊल टाकलं होतं. 'देशी कलां'साठी त्यांनी सरकारी खातंच काढलं. प्रॉस्पर रिकार हे अधिकारी त्याचे प्रमुख होते. या खात्याने गालिच्यांच्या नक्षीची पद्धतशीर नोंद केली, नमुने ठरवून दिले. त्यात जतन झालं हे खरं, ते नाकारायचं कारण नाही. पण जतन करताना कारागिराला एका चौकटीत बसवलं गेलं. तू आजोबांनी केलं तेच करायचं. नवीन करणं हे तुझं काम नाही, ते कलाकाराचं. आणि कलाकार म्हणजे कोण, तर युरोपमधून आलेला माणूस, जो मोरोक्कोत येऊन बुरखा, बाजार आणि उंट रंगवतो.

बेलकाहिया यांनी ही घडी मोडली. 1964 मध्ये चित्रकार मोहम्मद मेलेही शाळेत आले, पाठोपाठ मोहम्मद शबा आले. टोनी माराइनी या इटालियन बाई कलेचा इतिहास शिकवू लागल्या. बर्ट फ्लिंट हे डच गृहस्थ मोरोक्कोच्या खेड्यापाड्यांतले गालिचे आणि दागिने गोळा करत होते, तेही सोबतीला आले. प्लास्टरचे पुतळे मागे पडले. विद्यार्थ्यांसमोर आता गालिचे, दागिने, मातीची भांडी आणि हस्तलिखितांमधली सजावट आली. शिक्षकांनी दक्षिणेकडच्या सूस भागात जाऊन खेड्यांतल्या मशिदी आणि जाविया, म्हणजे सूफींच्या खानकाह, यांची रंगवलेली लाकडी छतं पाहिली, त्यांचे फोटो काढले, त्यावर लिहिलं. 'मगरेब आर्ट' नावाचं नियतकालिक शाळेने याच कामासाठी काढलं. त्याचे तीनच अंक निघाले, पण अभ्यासक आजही ते शोधतात.

मशिदीच्या छताचा हा मुद्दा जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. त्या छतांवर माणसाची आकृती नाही. त्रिकोण आहेत, चौकटी आहेत, लाटा आहेत, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचे पट्टे आहेत. युरोपमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याला 'अमूर्त कला' म्हणून नवा शोध मानलं गेलं, ते इथल्या नमाजी माणसाच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या होतंच. शाळेतल्या मंडळींचं म्हणणं असं होतं की, अमूर्त कला आम्हाला पॅरिसकडून उसनी आणायची गरजच नाही. ती आमच्या घरातली आहे.

याच शाळेतून मलिका अगुझनाय शिकल्या. मोरोक्कोतल्या अमूर्त काम करणाऱ्या पहिल्या स्त्री कलाकारांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

पण तांबंच का?

दुसऱ्यांना शिकवायचं आणि स्वतः मात्र पॅरिसचे तैलरंग वापरायचे, हे बेलकाहिया यांना पटण्यासारखं नव्हतं. 1960च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तांबं हातात घेतलं.

मोरोक्कोत तांबं ही परकी वस्तू नाही. फेस शहरात अल-करवियीन मशिदीजवळ, तिच्या ग्रंथालयाला लागून, सफ्फारीन नावाचा छोटा चौक आहे. सफ्फारीन म्हणजे तांबट. हे तेच करवियीन, जे 859 साली फातिमा अल-फिहरी या बाईंनी उभारलं असं परंपरा सांगते. एका बाजूला किताबांचा खजिना आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर ठणठण. लग्नाच्या जेवणाला लागणाऱ्या प्रचंड देगा तिथे आजही हाताने ठोकल्या जातात. इल्म आणि हुनर यांचा शेजार म्हणजे काय, हे बघायचं तर हा चौक बघावा. वितळलेल्या तांब्याचा उल्लेख तर कुरआनमध्येही येतो. हजरत सुलेमान यांच्यासाठी वाहवलेला तांब्याचा झरा सूरह सबामध्ये आहे आणि जुलकरनैनच्या भिंतीवर ओतलेलं तांबं सूरह कहफमध्ये.

आता धातूचं म्हणाल तर तांब्याचा स्वभाव समजल्याशिवाय बेलकाहिया यांचं काम समजत नाही. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, पण तांबटाला ते वितळवायचं नसतं. त्याला पत्रा हवा असतो. पत्रा थंड असतानाच ठोकतात. ठोके बसतात तसा तो ताणला जातो आणि कडक होत जातो. तसाच ठोकत राहिलं तर चिरतो. म्हणून मध्येच तो लालसर होईपर्यंत तापवायचा. तापवला की पुन्हा नरम. गंमत म्हणजे पोलाद तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं, तांब्याचं तसं नाही. ते पाण्यात टाका की हवेत ठेवा, नरमच राहतं. ठोकायचं, तापवायचं, परत ठोकायचं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर बारीक ठोक्यांची जी चमकदार नक्षी उठवतात, तिला मठारकाम म्हणतात. त्या कामाची जात हीच.

फरक एवढाच की तांबट प्रत्येक ठोका मोजून मारतो. भांडं गोल यायला हवं, गळता कामा नये. बेलकाहिया यांना पाणी भरायचं नव्हतं. त्यामुळे कारागीर ज्याला दोष म्हणेल ते सगळं त्यांनी कामाला लावलं. पत्र्याला पडलेली चुणी, दुमडलेली कड, फुगवटा, खळगा. लाकडी फळीवर हे पत्रे बसवले की पृष्ठभाग वर-खाली होतो. कुठे अंग वळवल्यासारखा आकार दिसतो, कुठे डोंगराची सोंड. रंग वेगळा लावायची गरज पडत नाही, कारण तांब्याचा स्वतःचा रंग असतो. सकाळच्या उजेडात ते गुलाबीसर दिसतं, दिव्याखाली तांबूस-सोनेरी. माणूस समोरून चालत गेला की प्रकाश त्या खळग्यांमधून सरकत जातो. कॅनव्हासवर सावली रंगवावी लागते, इथे ती खरीच पडते.

म्हणून याला चित्र म्हणायचं की शिल्प, हा प्रश्न उरतो. भिंतीवर टांगलेलं आहे म्हणून चित्र, उठाव आहे म्हणून शिल्प. माझ्या मते या कामाची ताकद त्या अडचणीतच आहे. तांबटाच्या आळीत असा प्रश्न कुणी विचारत नाही.

जामा अल-फनाच्या चौकात

मे 1969 मध्ये जे घडलं त्याची आठवण मोरोक्कोत अजून काढली जाते. मराकेशमध्ये सरकारी आश्रयाने चित्रप्रदर्शन भरत असे. त्याच्या निषेधार्थ सहा कलाकारांनी आपली कामं उचलली आणि थेट जामा अल-फनाच्या चौकात नेली. बेलकाहिया, मेलेही, शबा, मोहम्मद अताअल्लाह, मोहम्मद हमीदी आणि मुस्तफा हफीद ही ती सहा नावं.

जामा अल-फना म्हणजे मराकेशचं हृदय. गोष्टी सांगणारे, गारुडी, संत्र्याचा रस विकणारे, दात काढणारे, नमाजला निघालेले, बाजाराला आलेले, सगळे तिथे. भिंतीवर चित्रं टांगली. तिकीट नाही, दरवाजा नाही, 'हात लावू नका' अशी पाटी नाही. ऊन आणि वारा लागतोय, लहान पोरं जवळ येऊन बघतायत. कलाकार स्वतः तिथे उभे राहून लोकांशी बोलत होते. जून महिन्यात असंच प्रदर्शन कॅसाब्लांकाच्या एका चौकातही झालं.

त्या काळात हे सोपं नव्हतं. मार्च 1965 मध्ये कॅसाब्लांकाच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांचं आंदोलन गोळ्या घालून चिरडलं गेलं होतं. राजे हसन दुसरे यांची पकड घट्ट होत चालली होती. या चित्रकारांचे विचार छापणारं 'सूफल' हे नियतकालिक कवी अब्दुल्लतीफ लाबी चालवत. त्याचा एक जोडअंक 1967 मध्ये फक्त कलेवर निघाला होता. 1972 साली नियतकालिक बंद पाडलं गेलं आणि लाबी यांना तुरुंगात टाकलं गेलं, ते 1980 मध्ये सुटले. बेलकाहिया यांनी 1974 मध्ये शाळा सोडली.

तांब्यानंतर मेंदी

शाळा सुटली तसं तांबंही मागे पडलं. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी मेंढ्याच्या कातड्यावर काम केलं. कातडं धुवायचं, ओलं असताना लाकडी आकारावर ताणायचं, वाळलं की ते ढोलकीच्या पुडीसारखं घट्ट बसतं. रंग मेंदीचा, केशराचा, डाळिंबाच्या सालीचा, आणि निळा हवा असेल तर कोबाल्टचा. आकारही चौकोनी नाहीत. कुठे पंजा, कुठे वर्तुळ, कुठे बाण. ज्या मेंदीने आपल्या घरातल्या बायका ईदच्या आदल्या रात्री हात रंगवतात, ती मेंदी इथे दालनात लागली.

या कातड्यांवर तिफिनाग लिपीची अक्षरं आणि चिन्हं येतात. तिफिनाग ही अमाझिग लोकांची, म्हणजे ज्यांना बाहेरचे 'बर्बर' म्हणतात त्यांची, जुनी लिपी. मोरोक्कोने ती 2003 मध्ये अमाझिग भाषेसाठी अधिकृतपणे स्वीकारली आणि 2011च्या राज्यघटनेत अमाझिगला राजभाषेचा दर्जा मिळाला. बेलकाहिया यांच्या कामात ही अक्षरं त्याआधी किती तरी वर्षं होती. मुस्लिम कलाकार म्हटलं की लोक लगेच अरबी सुलेखनाची अपेक्षा धरतात. बेलकाहिया यांनी आपल्या मातीतलं जुनं अक्षर उचललं. इस्लामी जगातली कला म्हणजे फक्त आयती आणि वेलबुट्टी, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. तो या माणसाच्या कामापुढे टिकत नाही.

'परंपरा हे माणसाचं भविष्य आहे', अशी त्यांची भूमिका होती. वाचायला उलटं वाटतं. पण परंपरा म्हणजे जुन्याची नक्कल असा त्यांचा अर्थ नव्हता. नक्कलच करायची असती तर त्यांनी सुबक परात ठोकली असती.

एक खटकणारी गोष्ट

कौतुक करताना एक प्रश्न बाजूला सारता येत नाही. तांबटाचा धातू दालनात गेला, पण तांबट गेला का? बेलकाहिया यांच्या नावाने पुस्तकं निघाली, संग्रहालयं उघडली. ज्या आळ्यांतून हा हुनर आला, तिथल्या उस्तादांची नावं कला-इतिहासात सापडत नाहीत. सफ्फारीन चौकातला कारागीर आजही वस्तू विकताना घासाघीस सोसतो. एका कलाकाराने ही दरी बुजवावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, हे मान्य. शाळेत कारागिरीला मान देऊन त्यांनी आपल्या परीने बरंच केलं. तरीही कलाकार आणि कारागीर यांच्यातली जी रेष त्यांना पुसायची होती, ती अर्धीच पुसली गेली, असं म्हणावं लागतं. साहित्याला इज्जत मिळाली, साहित्य घडवणाऱ्याला ती मिळायची आहे. आपल्याकडे मुरादाबादचं पितळकाम, बिदरचं बिदरीकाम आणि काश्मीरचं तांब्याचं नक्षीकाम यांच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे.

आज ही कामं कुठे आहेत

फरीद बेलकाहिया यांचा इंतिकाल 25 सप्टेंबर 2014 रोजी मराकेशमध्येच झाला. शहराबाहेर खजुराच्या बागांचा जो पट्टा आहे, त्या पाल्मरे भागात त्यांच्या राहत्या जागेत आता त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. त्यांच्या पत्नी रजा बेनशेम्सी या स्वतः लेखिका आहेत आणि या कामाशी जोडलेल्या आहेत.

2021 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरने बेलकाहिया यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'वेगळ्या आधुनिकतेसाठी' असा होता. ज्या शहरातल्या कलाशाळेचे धडे त्यांनी मागे टाकले, त्याच शहराने ते भरवलं. 2023 मध्ये इंग्लंडच्या टेट सेंट आइव्ह्ज या संग्रहालयात कॅसाब्लांकाच्या शाळेवर मोठं प्रदर्शन झालं. पुढच्या वर्षी ते शारजाला आणि नंतर जर्मनीतल्या फ्रँकफर्टला गेलं.

मराकेशला जाण्याचा योग आला तर दोन्ही जागा एकाच दिवसात होतात. सकाळी पाल्मरेतलं संग्रहालय बघावं. दुपारी जुन्या शहरात येऊन पत्रा ठोकणाऱ्यांच्या प्लास दे फेरब्लांतिये या चौकात बसावं. कंदील बनवणारे कारागीर तिथे उघड्यावरच काम करत असतात.